ते मी कोणाला सांगितलं नव्हतं

मंगळवार, ८ जानेवारी

रविवारी आमच्या नाताळचं जेवण झालं, युक्रेनी पंचांगाचा नाताळ जानेवारीत येतो. बारा पदार्थ होते. मी कोबीचे अकरा पिरोगी खाल्ले, सारण भरून उकडलेल्या करंज्याच त्या. आई भरवताना मोजत होती. म्हणाली, "बाराव्याला जागा ठेव, नाहीतर वर्ष अपुरं राहील." बारावा गेला नाही.

ही दैनंदिनी मी माझ्यासाठी बोलणाऱ्या जुन्या यंत्रावर लिहितो आहे. त्याचं कारण लिहून ठेवतो. नवं यंत्र विद्यापीठाचं आहे आणि त्यावर उमटलेला प्रत्येक शब्द प्रयोगशाळेत जातो. जुनं माझं आहे. त्यावर अक्षरांच्या ओळी एकेक करून उजळतात. हवी ती ओळ आली की उजव्या कानाजवळचं बटण डोक्याने दाबायचं, मग हवं ते अक्षर आलं की पुन्हा दाबायचं. मिनिटाला पाच शब्द होतात. पाहुणा गप्प बसला तर सहा. पाहुणा म्हणजे माझा डावा हात. न कळवता येतो आणि कप पाडून जातो. हे नाव मी कोणाला सांगितलेलं नाही.

शाळेने मला चौदाव्या वर्षापर्यंत रंगीत ठोकळे दिले. बोलता येत नाही म्हणजे कळतही नाही, अशी त्यांची समजूत. वाचायला आईने शिकवलं, स्वयंपाकघरातल्या खोक्यांवरून. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. पण माझं शुद्धलेखन चुकत नाही. चुकीचं लिहिलं तर यंत्र चुकीचं बोलतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की डोक्यातच गडबड आहे.

आज प्रयोगशाळेत ब्रिजिडने संमतिपत्र दिलं. ती या संशोधनाची प्रमुख आहे, तिशीची असेल, एका वेळी दोन कॉफ्या घेऊन फिरते. अकरा पानं होती. मी चाळीस मिनिटं वाचलं. चौथ्या पानावर एक शब्द दोनदा छापला होता, तो दाखवला. ती म्हणाली, "आजवर सदतीस जणांनी सही केली, कोणाला दिसला नाही." नववं पान 'कुटुंबीयांसाठी' होतं. ते आईचं, म्हणून मी वाचलं नाही. दुसऱ्याचं वाचू नये.

निघताना ब्रिजिडने विचारलं, "घरी काही लिहितोस का? जुनी पत्रं, काहीही? यंत्राला जितकं वाचायला मिळेल तितकं ते तुला लवकर ओळखेल."

मी 'नाही' म्हटलं. आई तेव्हा माझ्या कोटाची चेन लावत होती. चेन मध्येच अडकली.

दैनंदिनी पेनड्राइव्हवर असते. रोज संध्याकाळी आई तो यंत्रातून काढून बटणांच्या डब्यात ठेवते आणि सकाळी परत लावते. त्या डब्यात आमच्याशिवाय कोणी हात घालत नाही.

बुधवार, १६ जानेवारी

उणे एकतीस. बस चाळीस मिनिटं उशिरा आली, पण आली.

लायलकडे गेलो होतो. लायल पूर्वी छपरं शाकारायचा. एकदा वरून पडला आणि मानेखालचं सगळं गेलं. चार वर्षांपासून तो नदीकाठच्या त्या इमारतीत स्वतःच्या घरात राहतो. सोळा घरं आहेत, खाली मदतनीस चोवीस तास असतात, गालाने बटण दाबलं की वर येतात. माझं नाव तिथल्या यादीत आठ वर्षं आहे.

"काय लेखक," लायल म्हणाला, "आईने आज डबा दिलाय की दुधाची बाटली?"

आई बाजूलाच उभी होती. ती म्हणाली, "तुझ्यासाठी बाटली आणलीय. तोंड उघड."

लायल हसला. मग म्हणाला, "तीनशे चारमधली ग्रेटा गेली. मी दोन दिवस रडलो आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसात तुझं नाव घेतलं. घर कोणाला द्यायचं ते ठरवणाऱ्या मिसेस फॉन्टेन येतील तुझ्याकडे. त्यांचा एकच नियम आहे. अर्जदाराने स्वतः सांगायचं, स्वतःच्या शब्दांत. आईने नाही, काकाने नाही."

माझं सगळं अंग आनंदाने ताठ झालं. असं झालं की माझ्या तोंडातून लाळ येते. आईने लगेच रुमाल काढला आणि सगळ्यांसमोर माझी हनुवटी पुसली, लहान मुलाची पुसतात तशी, दोनदा. मी सव्वीस वर्षांचा आहे. लायलने खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याने हसायला हवं होतं. हसला असता तर एवढं लागलं नसतं.

घरी येताना बसमध्ये आई म्हणाली, "तीनशे चार म्हणजे उत्तरेकडची खोली. ऊन येत नसेल."

गुरुवार, २४ जानेवारी

एक चांगली गोष्ट. आज डॉक्टरांकडे, बसमध्ये आणि प्रयोगशाळेत मिळून तीन वेळा माझी लाळ आली आणि आईने पुसली नाही. रुमाल माझ्या मांडीवर ठेवला आणि दुसरीकडे पाहत राहिली. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. आईला आपोआप उमगतं म्हणतात ते खरं असावं.

नवं यंत्र नजरेवर चालतं. खाली एक कॅमेरा आहे, तो डोळे पाहतो. ज्या अक्षरावर नजर पाऊण सेकंद टेकेल ते उमटतं. वर तीन चौकटी आहेत. पुढचे शब्द काय असतील याचा अंदाज तिथे दिसतो, कधी एक शब्द, कधी अख्खं वाक्य. चौकटीवर नजर ठेवली की ते वाक्य लागतं आणि यंत्र लगेच बोलूनही टाकतं. आधी ते थांबून विचारायचं, 'बोलू का?' ब्रिजिडने ते काढून टाकलं. त्यात वेळ जातो म्हणाली.

एक अडचण मी तिला सांगितली. चौकटीत काय आहे ते वाचायचं तर तिकडे पाहावं लागतं, आणि पाहिलं की ते निवडलं जातं. वाचणं आणि निवडणं यात फरकच उरत नाही.

"सवय होईल," ती म्हणाली. "सगळ्यांना होते."

आणखी एक गोष्ट, प्रामाणिकपणे लिहितो. चौकटीतलं वाक्य कधीकधी माझं नसतं, माझ्या जवळपासचं असतं. समोरचा माणूस घड्याळाकडे बघत असेल तर मी तेच घेतो. मला 'सूप कोमट आहे' म्हणायचं होतं. 'सूप छान आहे' आलं. घेतलं. आईला बरं वाटलं.

शेवटी ब्रिजिड आणि आई दारात बराच वेळ बोलत होत्या. कशाबद्दल, विचारलं तर आई म्हणाली, पार्किंगबद्दल. आमच्याकडे गाडी नाही. बसच्या पार्किंगबद्दल असेल.

शनिवार, २ फेब्रुवारी

मिसेस फॉन्टेन यांचं पत्र आलं. ११ मार्चला घरी येणार. पत्रात मला 'मिस्टर बोयको' लिहिलं आहे आणि 'तुम्ही'. आईने ते दोनदा वाचून दाखवलं आणि फ्रिजवर लावलं.

इथे खरं लिहिलं पाहिजे, दुसरीकडे लिहायला जागा नाही. मला एकटं राहायची भीती वाटते. रात्री हाक मारली आणि कोणी आलं नाही तर. गालाखालचं बटण सरकलं तर. पाहुण्याने ते पाडलं तर. आई भिंतीपलीकडून माझ्या श्वासावरून ओळखते की मला कूस बदलायची आहे. मदतनिसाला श्वास कसा कळणार.

पण मला जायचंच आहे. भीती आहे म्हणून जायचं नाही असं नाही. या दोन गोष्टी माझ्यात शेजारीशेजारी बसल्या आहेत आणि भांडत नाहीत. हे मिसेस फॉन्टेन यांना सांगायचं नाही. त्यांना फक्त दुसरी गोष्ट सांगायची. रोज तालीम करतो आहे.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

यंत्राने आज कमाल केली. ब्रिजिडने विचारलं, कॉफी कशी सांडली. मी लिहायला लागलो, 'माझा डावा हात', आणि मधल्या चौकटीत आलं, 'म्हणजे पाहुणा आहे'.

मी एवढा हसलो की खुर्ची हलली. ब्रिजिडही हसली, म्हणाली, "बघ, ओळखायला लागलं तुला."

हे नाव त्याला कुठून कळलं याचा विचार मी बसमध्ये करत होतो. मी कधीतरी लायलला सांगितलं असणार आणि तेव्हा नवं यंत्र चालू असणार. नक्की आठवत नाही. मला सहसा आठवतं. पण दुसरं कारण दिसत नाही.

आजचा वेग मिनिटाला एकोणीस शब्द. ब्रिजिडने फळ्यावर लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. मे महिन्यात ती माँट्रियलच्या परिषदेत माझ्यावर बोलणार आहे. बाविसापर्यंत न्यायचं म्हणते.

आई हल्ली माझ्या खोलीचं दार सताड उघडं ठेवते. हीटरची ऊब यावी म्हणून, असं म्हणाली. हीटर माझ्याच खोलीत आहे.

मंगळवार, १२ मार्च

काल लिहिता आलं नाही. आज क्रमाने लिहितो.

मिसेस फॉन्टेन साडेदहाला आल्या. पन्नाशीच्या, बर्फाचे बूट दारात काढून मोज्यांवर आत आल्या. ब्रिजिड आधीच आली होती. परिषदेसाठी हे संभाषण टिपून घ्यायचं म्हणून तिने कॅमेरा लावला होता. मी हो म्हटलं होतं. आईने चहा केला आणि माझ्या मागे उभी राहिली, मला दिसणार नाही अशी.

पहिले प्रश्न सोपे होते. नाव, वय, दिवस कसा जातो. मी चौकटी घेत गेलो. मिसेस फॉन्टेन म्हणाल्या, "मिस्टर बोयको, तुम्ही माझ्यापेक्षा भरभर बोलता." ब्रिजिडने आईकडे पाहून अंगठा दाखवला.

मग त्यांनी वही मांडीवर घेतली आणि विचारलं, "आता महत्त्वाचं. तिथे स्वतंत्र राहण्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

माझं वाक्य तयार होतं. 'मला एकटं राहायची इच्छा आठ वर्षांपासून आहे.' मी लिहिलं, 'मला एकटं राहायची'. वर तीन चौकटी आल्या. पहिलीत 'इच्छा आहे'. दुसरीत 'सवय नाही'. तिसरीत होतं, 'भीती वाटते. रात्री हाक मारली आणि कोणी आलं नाही तर.'

ते माझं होतं. शब्द माझे, पूर्णविराम माझा. मी ते इथे लिहिलं होतं, फक्त इथे. मला इतकं आश्चर्य वाटलं की मी त्याच्याकडे बघत राहिलो.

बघत राहिलो, म्हणून ते लागलं. आणि यंत्र बोललं. चांगल्या, स्वच्छ, पुरुषी आवाजात, माझ्या स्वयंपाकघरात.

मी 'नाही' लिहायला गेलो. डोळे भरले होते. डोळे ओले झाले की कॅमेऱ्याला ते सापडत नाहीत. पडद्यावर फक्त येत होतं, 'कृपया समोर पाहा'. पाहुणा उठला आणि त्याने चहाचा कप पाडला.

मिसेस फॉन्टेन यांनी चष्मा काढला. हळू म्हणाल्या, "भीती वाटण्यात काही चूक नाही, मिस्टर बोयको. तुम्ही खरं सांगितलंत, याचा मला आदर आहे." आणि लिहून घेतलं.

आईने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या जाईपर्यंत काढला नाही. मला वाटलं, माझ्यासाठी.

त्या गेल्यावर ब्रिजिड कॅमेरा आवरता आवरता म्हणाली, "अख्खं वाक्य, दोन सेकंदांत. आजवरचं सगळ्यात वेगवान." मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "थकलास का?"

शुक्रवार, १५ मार्च

तीन दिवस मी तारखा ताडून पाहिल्या. ते वाक्य २ फेब्रुवारीला लिहिलं. 'पाहुणा' ८ जानेवारीला. लायलला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "कसला पाहुणा? कोण आलंय?"

काल प्रयोगशाळेत ब्रिजिडला विचारलं, जुनं यंत्र घेऊन गेलो होतो त्यावरून. तिने लपवलं नाही. तिला लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

"हो, तुझ्या आईने, लेसियाने, पेनड्राइव्ह दिला होता ना. दोनदा. म्हणाली, तू लाजतोस, पण तुझी हरकत नाही. नवव्या पानावर आहे ते, घरच्यांनी दिलेलं लिखाण वापरता येतं. मला वाटलं तुला माहीत आहे. तू तर सगळी पानं वाचलीस."

मी म्हटलं, यंत्रातून ते काढून टाक.

"तसं निघत नाही, मायरन. चहात साखर विरघळली की साखर वेगळी काढता येते का? सगळंच पुसावं लागेल. तुझा या यंत्रावरचा वेग परत सुरुवातीच्या आठवर येईल." मग म्हणाली, "मेपर्यंत थांबशील? परिषद होऊ दे. मग तू म्हणशील तसं."

तिने माझी दैनंदिनी वाचली का, हेही विचारलं. ती म्हणाली, "नाही रे. आम्ही वाचत नाही, यंत्र वाचतं." हे तिने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं.

आज सकाळी आईला पाटी धरायला लावली. पाटी म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लॅस्टिक, त्यावर अक्षरांचे गट. ती आमच्या दोघांच्या तोंडांमध्ये उभी धरायची. मी अक्षराकडे बघतो आणि आई पलीकडून माझे डोळे वाचते. मी पाच वर्षांचा असल्यापासून आम्ही असे बोलतो. ही पाटी आईइतकी कोणाला वाचता येत नाही. दोन अक्षरांत ती शब्द ओळखते. बरोबर असेल तर मी वर बघतो, चूक असेल तर डोळे मिटतो.

मी विचारलं, पेनड्राइव्ह का दिलास.

तिने पाटी खाली घेतली नाही. अक्षरांच्या मधून माझ्याकडे बघत म्हणाली, "मशीनने तुला लवकर ओळखावं म्हणून. लोक तुझ्याशी बोलताना घड्याळ बघतात, ते मला बघवत नाही. एवढंच. मी वाचली नाही हं. एक अक्षर नाही. देवाशपथ."

आईने देवाची शपथ माझ्या आठवणीत दोनदाच घेतली आहे. मी विश्वास ठेवायचं ठरवलं.

दुपारी २४ जानेवारीची नोंद पुन्हा वाचली. मग १६ जानेवारीची.

सोमवार, १८ मार्च

आज विशेष काही नाही. एक मनातली गोष्ट लिहून ठेवतो. मला कोबीचे पिरोगी कधीच आवडले नाहीत. घशाशी येतात. आई दर गुरुवारी चर्चच्या तळघरात बायकांबरोबर ते करते आणि शुक्रवारी मला प्रेमाने भरवते, म्हणून मी खातो. बटाट्याचे असते तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २२ मार्च

आज जेवायला पिरोगी. सगळे बटाट्याचे.

आई म्हणाली, "कोबी संपला होता तळघरात."

शुक्रवार, २९ मार्च

पत्र आलं. माझा अर्ज 'सध्या बाजूला' ठेवला आहे. 'अर्जदाराने स्वतः व्यक्त केलेली चिंता लक्षात घेता.' ३० एप्रिलपर्यंत नवीन निवेदन दिलं नाही तर तीनशे चार पुढच्या नावाला जाईल.

आईने पत्र वाचून दाखवलं आणि टेबलावर उपडं ठेवलं. म्हणाली, "त्या जे म्हणतात त्यातही तथ्य असेल, बाळा. घाई कशाला? आणखी एखाद वर्ष." माझ्याकडे बघत नव्हती.

मी लायलला फोन लावायला सांगितला. त्याने सगळं ऐकलं. पिरोगींचं मी त्याला सांगितलं नाही, कोणालाच नाही.

"पुन्हा निवेदन दे," तो म्हणाला. "कशाने द्यायचं ते तूच ठरवायचं, नियमात आहे. त्या चावऱ्या यंत्राला हात लावू नकोस. तुझी ती काचेची पाटी घे."

पाटी धरायला हात लागतात. लायलचे चालत नाहीत. जुनं यंत्र चाललं असतं, पण मला आता कुठल्याच यंत्राचा आवाज नको होता. पाटी वाचणारी एकच आहे.

"मग तिलाच आण," लायल म्हणाला. "बघू तरी, तुझ्या डोळ्यांत काय लिहिलंय ते मोठ्याने म्हणते का."

आई शेजारीच भांडी पुसत होती. फोन स्पीकरवर होता. तिने ताट ठेवलं, हात पुसले, बटणांचा डबा काढला आणि पेनड्राइव्ह माझ्या खुर्चीच्या पिशवीत ठेवून पिशवीची चेन ओढली. "यापुढे इथे राहील," ती म्हणाली. "लावायला सांगशील तेव्हा लावीन, काढायला सांगशील तेव्हा काढीन. एरवी हात लावणार नाही."

रविवार, १४ एप्रिल

बर्फ वितळतं आहे. रस्त्याच्या कडेला हिवाळाभर गाडलेले हातमोजे वर आले आहेत.

दोन आठवडे पेनड्राइव्ह पिशवीतच असतो. चेन कुठपर्यंत ओढली आहे ते मी रोज बघतो. रोज तेवढीच असते. म्हणून आता लिहायला हरकत नाही. १८ मार्चची नोंद खोटी होती. मला कोबीचेच आवडतात, आयुष्यभर आवडले. आई वाचते का ते बघायचं होतं. वाचत होती. देवाची शपथ घेतल्यावर तीनच दिवसांनी.

तिला हे सांगणार नाही. सांगितलं तर तिला शपथेचं काय ते बोलावं लागेल, आणि ते मला ऐकायचं नाही. हनुवटीचंही तसंच. ते तिने माझ्या दुःखावरून ओळखलं नव्हतं, माझ्या लिखाणावरून ओळखलं होतं. तरीही पुसणं थांबलं ते थांबलंच. याचं काय करायचं ते मला कळत नाही.

ती अजून शुक्रवारी बटाट्याचेच देते. मी खातो.

प्रयोगशाळेत जाणं बंद केलं. ब्रिजिडचे तीन निरोप आले. तिसऱ्यात ती म्हणते की नावाशिवाय दाखवलेल्या आकड्यांना माझी परवानगी लागत नाही, पण माझी आठवण येते.

बुधवार, २४ एप्रिल

निवेदन झालं. मिसेस फॉन्टेन यांच्या ऑफिसात. लायल आधीच येऊन दाराशी थांबला होता. म्हणाला, "साक्षीला आलोय. टाळ्या वाजवणार नाही, काळजी करू नकोस."

सकाळी मी आईला पाटीवर सांगितलं होतं, आज अंदाज करू नकोस. शेवटच्या अक्षरापर्यंत थांब.

ती म्हणाली, "मग दुपार होईल."

होऊ दे, मी म्हटलं.

मिसेस फॉन्टेन म्हणाल्या, "प्रत्येक वाक्यानंतर मी तुम्हाला विचारीन, मिस्टर बोयको. वर पाहिलंत तरच लिहीन." मग आईला म्हणाल्या, "तुम्ही फक्त वाचायचं." आईने मान हलवली. चर्चला जाताना घालते तो निळा कोट घातला होता, तो तिने काढलाही नाही.

पाटी आमच्यामध्ये उभी राहिली. मी सुरुवात केली.

पहिलं वाक्य, 'भीती वाटते हे खरं आहे.' आई एकेक अक्षर मोठ्याने वाचत गेली. 'भीती' हा शब्द तिला पहिल्याच अक्षरात कळला असणार. ती थांबली. शेवटपर्यंत थांबली. मिसेस फॉन्टेन यांनी विचारलं, मी वर पाहिलं.

दुसरं वाक्य, 'ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.'

'कोणाला' झाल्यावर आईचा आवाज बसला. पाटी हलायला लागली. पाटी हलली की मी कुठे बघतो ते दिसत नाही. मिसेस फॉन्टेन म्हणाल्या, "पाणी देऊ का?" आई म्हणाली, "नको." तिने कोपर टेबलावर टेकवलं, पाटी स्थिर केली आणि म्हणाली, "हं, पुढे."

मी पुढचं अक्षर पाहिलं. तिने वाचलं. असं आम्ही त्या वाक्याच्या शेवटापर्यंत गेलो. मग तिला ते अख्खं म्हणायचं होतं, नियमाप्रमाणे. तिने म्हटलं. "ते मी कोणाला सांगितलं नव्हतं." माझ्याकडे बघत, माझ्याऐवजी, तिच्या आवाजात.

लायल छताकडे बघत होता.

तिसरं वाक्य, 'तरी मला तिथेच राहायचं आहे.' 'तरी' नंतर आई कुठलाही शब्द घालू शकली असती. मिसेस फॉन्टेन यांना पाटी वाचता येत नाही. मी डोळे मिटले असते, तर त्यांना वाटलं असतं मी थकलो. आईने एकही शब्द घातला नाही. फक्त 'राहायचं' वाचताना दोन वेळा नाक ओढलं.

एकूण पन्नास मिनिटं लागली. तीन वाक्यं.

घरी येताना मी तिच्याशी बोललो नाही. बोलायचं तर पाटी तिलाच धरावी लागली असती.

सोमवार, ६ मे

तीनशे चार. उत्तरेकडची खोली. सकाळी थोडा वेळ ऊन येतं, आईचा अंदाज चुकला.

सामान शनिवारी आलं. आईने कपाटं लावली, फ्रीजरमध्ये डबे भरले, प्रत्येकावर तारीख लिहिली. गालाखालचं बटण सहा वेळा दाबून पाहिलं. प्रत्येक वेळी मदतनीस वर आली, आणि सहाव्यांदा म्हणाली, "मिसेस बोयको, आता मी तुम्हालाच बरोबर खाली घेऊन जाते." आई हसली आणि गेली. माझी हनुवटी ओली होती. तिने पुसली नाही.

मदतनिसाचं नाव ॲग्नेस. आज पहिल्यांदा तिने पेनड्राइव्ह लावून दिला. तिने विचारलं, "रात्री हा काढून कुठे ठेवू?" मी अजून सांगितलेलं नाही. जिथे सांगेन ते तिला माहीत असणार. माझ्यापाशी अशी एकही जागा नाही जी दुसऱ्या कोणाच्या हाताला माहीत नाही.

ब्रिजिड गेल्या आठवड्यात परिषदेत बोलली. लायलने कार्यक्रमपत्रिका वाचून दाखवली. मिनिटाला बावीस शब्द, असं छापलं आहे.

जेवायला ॲग्नेसने फ्रीजरमधला सगळ्यात वरचा डबा काढला, उकळला, कांदा परतून वर घातला. आईच्या अक्षरात फक्त 'मायरन, सोमवार' होतं. पहिला घास घेतला आणि कळलं. कोबीचे होते. ॲग्नेसला सगळे उघडून बघायला सांगितलं. एकूण बारा होते, बाराही कोबीचे.

ती गोष्ट मी १४ एप्रिलला लिहिली होती, फक्त इथे.

म्हणजे चेन ओढलेली असतानाही ती वाचत होती, आणि परत तेवढीच ओढून ठेवत होती. बटाट्याचे दिले असते तर मला कधी कळलं नसतं.

मी ॲग्नेसला एकेक भरवायला सांगितला. बाराही खाल्ले.